गरोदरपणातली दाढदुखी : थांबायचे की उपचार करायचे?



संक्रांतीनंतर शाळेत हळदीकुंकू झाले. माजी विद्यार्थिनी म्हणून दरवर्षी बोलावणे येते आणि मीही आवर्जून जाते. वाण घेऊन निघाले, तेव्हा बालवर्गातल्या एका मुलाच्या आईने मला जिन्यापाशी गाठले. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर शेंगदाण्याची चिक्की खाताना तिच्या खालच्या दाढेचा तुकडा उडाला होता. आधी नुसते गार पाणी झोंबायचे, मग ठणका सुरू झाला. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

“ताई, पाचवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, बाळंतपण होऊन जाऊ दे, तोवर दाताला हात लावायचा नाही. शेजारच्यांनी मेडिकलमधून गोळी आणून दिली आहे, पाण्यात विरघळवून घ्यायची. काल एक घेतली. आज घेऊ का?”

पर्समधून तिने पट्टी काढून दाखवली. केटोरोलॅक. दाढदुखीवर अगदी झटपट गुण देणारे औषध, आणि गरोदर बाईने घेऊ नये अशांपैकी एक. मी पट्टी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दवाखान्यात बोलावले. सासूबाईंनाही बरोबर आणायला सांगितले, कारण या बाबतीत घरात निर्णय कोण घेते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मुख्याध्यापिकाबाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “शाळेत अशा दहा जणी असतील, तुम्ही लिहाच.” म्हणून हा लेख. आपल्या बालवर्गातल्या कितीतरी आया दुसऱ्या बाळाच्या तयारीत असतात, शिक्षिकांमध्येही एखादी असतेच. हे सगळे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या सासवांसाठी व नवऱ्यांसाठीही.

आधी माझी एक चूक सांगते. १९९४ साली, मी नवीन होते तेव्हा, एका दवाखान्यात सहायक म्हणून काम करत असे. पाच महिन्यांची गरोदर असलेली एक बाई आली. खालची दाढ पूर्ण किडलेली, चावले की कळ डोक्यापर्यंत. आम्ही शिकलो ते साधारण असे : पहिले तीन महिने हात लावू नका, शेवटचे तीन महिने हात लावू नका, आणि मधल्या काळातही शक्यतो टाळा. मी तिला पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, “बाकीचे बाळंतपणानंतर बघू.” तिला बरे वाटले, घरच्यांनाही बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त मला बरे वाटले. जबाबदारी टळली होती.

गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात दाढ पुन्हा ठणकू लागली. बाई परत आली नाही. डॉक्टरीणबाईंनीच थांबायला सांगितले आहे, मग परत कशाला जायचे? तीन आठवड्यांनी एका रात्री तिचा गळा जबड्याखाली दगडासारखा सुजला, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, अंगात ताप. तिला इस्पितळात दाखल करून गळ्याबाहेरून चीर देऊन पू काढावा लागला. ती वाचली. मूल आठव्या महिन्यात जन्मले आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होते. त्या संसर्गामुळेच लवकर जन्मले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण नव्हते असेही मला कधी म्हणता आलेले नाही. अर्ध्या तासाच्या उपचाराने जे मिटले असते ते मी पुढे ढकलले होते.

दाढ गरोदरपणातच का दुखते?

बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून दर बाळंतपणाला एक दात जायचाच, असे जुन्या बायका सांगतात. हे खरे नाही. दातातले कॅल्शियम एकदा पक्के बसले की रक्तात परत जात नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून जाते, आणि तिथे कमी पडले तर तिच्या हाडांतून. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या जरूर घ्या, पण त्यांनी किडलेली दाढ बरी होईल अशी आशा ठेवू नका.

मग दात का बिघडतात? कारणे अगदी घरगुती आहेत. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे येतात, म्हणून दात घासणे उरकले जाते किंवा राहूनच जाते. वारंवार उलट्या होतात, आणि पोटातले आम्ल दातांवरचे कठीण कवच मऊ करते. डोहाळे चिंच-कैरी-आवळ्याचे. शिवाय पोट रिकामे राहिले की मळमळते, म्हणून दिवसभर थोडे थोडे खाणे चालू असते, बिस्कीट म्हणा, खाखरा म्हणा. दातांना मध्ये उसंतच मिळत नाही. याच काळात प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके वाढल्याने हिरड्या लालसर, फुगीर होतात आणि ब्रश लागला की रक्त येते. गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास होतो. काहींच्या दोन दातांमध्ये हिरडीची लाल गाठ उगवते. तिला पूर्वी भयंकर नावे दिली जात, पण तिचा कर्करोगाशी काही संबंध नसतो आणि बहुधा बाळंतपणानंतर ती आपोआप आकसते. सारखे रक्त येऊ लागले तरच ती आधी काढावी लागते.

आणखी एक योगायोग वयाचा. अक्कलदाढ अठरा ते पंचवीसच्या सुमारास उगवते, आणि आपल्याकडे पहिली बाळंतपणेही बरीचशी त्याच सुमारास होतात. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीत अन्न अडकून सूज येणे ही गरोदर स्त्रीला दंतवैद्याकडे आणणारी एक नेहमीची तक्रार आहे.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. मऊ झालेले कवच घासून निघते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या-एक तासाने दात घासा.

थांबण्यात धोका कुठे आहे

दाताची कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की पुढे तिथे पू होतो. तो बंद खोलीत कोंडलेला असतो. प्रतिजैविकाची गोळी रक्तातून जाते, पण मेलेल्या नसेत रक्तच पोहोचत नाही. त्यामुळे गोळीने आजूबाजूची सूज काही दिवस उतरते, मूळ घर मात्र तसेच राहते. ते घर मोकळे करायचे तर दाढ उघडून नस काढावी लागते (ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो), किंवा पू वाहू द्यावा लागतो, किंवा दाढ काढावी लागते. चौथा मार्ग म्हणून गोळ्यांवर नऊ महिने काढायचे, हे होत नाही. १९९४ मध्ये मी नेमके तेच करायला सांगितले होते.

आईचा ताप, तिचे उपाशी राहणे, रात्र-रात्र जागरण यांची झळ बाळालाही लागते. गरोदरपणात मधुमेह निघालेला असेल तर संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने संसर्ग बळावतो.

दातांच्या उपचाराने गर्भपात होतो किंवा कळा सुरू होतात ही भीती कुठून आली असावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, योगायोगातून. कळलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा-पंधरा पहिल्या काही महिन्यांत काही केले नाही तरी टिकत नाहीत, आणि त्यातले पुष्कळसे बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. त्याच आठवड्यात बाईने दाढ दाखवली असेल तर दोष दाढेवर. पपई खाल्ली असेल तर पपईवर.

ही भीती खरी की खोटी हे पाहण्यासाठी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. २००६ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची दातांची मुळापर्यंत सफाई एकविसाव्या आठवड्याच्या आत केली, दुसऱ्या गटाची बाळंतपणानंतर. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के आणि दुसऱ्यात १२.८ टक्के आले, म्हणजे जवळजवळ सारखेच. याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही सांगायला हवेत. हिरड्यांवर उपचार केल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असे दिसले नाही, तेव्हा तसे आश्वासन कुणी दिले तर विश्वास ठेवू नका. पण उपचाराने अपायही झाला नाही. याच स्त्रियांपैकी ज्यांना भूल देऊन दात भरणे, काढणे असे तातडीचे उपचार द्यावे लागले, त्यांच्यातही बाळाला धोका वाढलेला आढळला नाही. ते निष्कर्ष २००८ मध्ये छापले गेले. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की दात तपासणे, एक्स-रे, भूल, भरणे, रूट कॅनाल, दात काढणे हे गरोदरपणात सुरक्षित आहे आणि तातडीचे असेल तर थांबू नये.

खुर्चीत काय घडते

त्या दिवशी सासूबाईंनी मला एकामागून एक प्रश्न विचारले. तेच प्रश्न तुमच्याही मनात असतील.

“डॉक्टरीणबाई, इंजेक्शन बाळाला नाही का लागायचं?” दातासाठी देतात ती भूल फक्त जबड्याच्या त्या भागाची असते. औषध बहुधा लिग्नोकेन, आणि ते गरोदरपणात चालते. त्यात थोडे ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते, म्हणजे भूल जास्त वेळ टिकते आणि औषध रक्तात हळूहळू उतरते. दोन मिलिलिटरच्या एका इंजेक्शनात ते साधारण २५ मायक्रोग्रॅम असते. भूल न देता कळा सोसायला लावल्या तर बाईचे स्वतःचे शरीरच घाबरून ॲड्रेनॅलिन सोडते, म्हणून “बाळासाठी भूल नको, मी सहन करीन” असे म्हणण्यात शहाणपणा नाही. रक्तदाब बराच वाढलेला असेल तर मात्र आधी सांगा, औषध बेताने द्यावे लागते.

“आणि फोटो?” दाताच्या एका छोट्या एक्स-रेमध्ये किरणांचा झोत जबड्यावर रोखलेला असतो. त्यातून अंगाला मिळणारी मात्रा साधारण एका दिवसात माती, दगड आणि आकाशातून आपल्याला आपोआप मिळते तितकी. गर्भाशयापर्यंत पोहोचते ती त्याच्याही एक अंश, ०.०१ मिलिग्रेहून कमी. बाळाला व्यंग येण्याची चिंता करायची ती ५० मिलिग्रेच्या वर. शिशाचा ॲप्रन घालायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये आता त्याची गरज नाही असे सांगितले, कारण नव्या यंत्रांत झोत नेमका असतो. तरी मी घालते. बाईचा जीव शांत होत असेल तर एका ॲप्रनचे वजन काही जास्त नाही. नुसते ‘सगळे दात बघून घेऊ’ म्हणून काढायचे फोटो मात्र बाळंतपणानंतर काढावेत.

आता एक गोष्ट जी रुग्णाने स्वतः सांगायला हवी, कारण गडबडीत डॉक्टरही विसरतात. पाचव्या महिन्यानंतर बाई खुर्चीत सपाट उताणी झोपली की गर्भाशयाचे वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडते. ही शीर पायांकडचे रक्त हृदयाकडे नेते. ती दबली की रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, “बघा, इंजेक्शन लागलं!” इंजेक्शनाचा त्यात काही दोष नसतो. उजव्या कुशीखाली, कमरेपाशी, एक उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून अंग किंचित डावीकडे कलते केले की शीर मोकळी होते. पाठही थोडी उंच हवी. तरी घाबरल्यासारखे झाले तर हात वर करा आणि पूर्ण डाव्या कुशीवर वळा. मिनिटा-दोन मिनिटांत बरे वाटते.

वेळ शक्यतो दुपारची घ्या, सकाळी मळमळ जास्त असते. उपाशीपोटी येऊ नका. काम लांबत असेल तर दोन बैठकांत करायला सांगा.

कुठले काम कधी, यावर एकच सूत्र मी वापरते : दुखणे, सूज, पू, रक्त असेल तर कुठलाही महिना. नुसते सुखासाठीचे किंवा दिसण्यासाठीचे काम असेल तर बाळंतपणानंतर. दोन्हींच्या मधले, म्हणजे साधी कीड भरणे, दात साफ करणे, हे चौथ्या ते सहाव्या महिन्यात सर्वांत सोयीचे, कारण मळमळ थांबलेली असते आणि पोट अजून जड झालेले नसते. आडवी अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची असेल आणि सूज औषधाने व सफाईने आटोक्यात येत असेल तर ती पुढे ढकलता येते. दात भरताना ‘चांदी’ भरायची पद्धत आपल्याकडे पुष्कळ वर्षे होती. त्यात पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी ती वापरू नये असे ठरवले, अगदी आवश्यक असेल तेवढाच अपवाद. पांढऱ्या रंगाचे इतर पदार्थ मिळतात, ते मागा. पण तोंडात आधीपासून असलेली जुनी, चांगली चांदी भीतीपोटी उकरून काढू नका. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

मेडिकलमधली गोळी

माझ्या मते खरा धोका दंतवैद्याच्या खुर्चीत नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आहे. “दाढ दुखते, गोळी द्या” असे म्हटले की मिळते ती बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड किंवा केटोरोलॅक असलेली, कधी एकटी, कधी पॅरासिटामॉलशी जोडलेली. आणायला जातो नवरा किंवा दीर, आणि घरात कुणी गरोदर आहे हे दुकानदाराला कुणी सांगत नाही. या जातीची औषधे विसाव्या आठवड्यानंतर घेतली तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच बंद व्हायची एक रक्तवाहिनी आधीच आकसण्याचा धोका असतो. एखादी गोळी चुकून घेतली गेली म्हणून घाबरून जाऊ नका, पण पुढची घेऊ नका आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

इथे एक अपवाद नीट लक्षात ठेवा. काही जणींना रक्तदाबाच्या धोक्यासाठी त्यांचे डॉक्टर रोज ॲस्पिरिनची लहान गोळी देतात. दुखण्यासाठीची ॲस्पिरिन वेगळी आणि ही वेगळी. माझा लेख वाचून ती बंद करू नका.

दुखण्यावर चालते ते साधे पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर दात दाखवायलाच हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत पॅरासिटामॉल आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारी घोषणा झाली आणि इथल्या मोबाइलवर निरोपांचा पूर आला. जागतिक आरोग्य संघटनेने आणि अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असा संबंध सिद्ध झालेला नसल्याचे लगेच सांगितले. गरजेपुरते, कमीत कमी दिवस घ्यावे, हा सल्ला जुनाच आहे.

संसर्ग पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर प्रतिजैविक देतील. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही नेहमीची, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात, कारण ती बाळाच्या तयार होत असलेल्या दातांत बसतात आणि दुधाचे दात पिवळट-करडे निघतात. घरातल्या कपाटात मागच्या वेळची उरलेली पट्टी असते ना, तिच्यावर हे नाव आहे का ते आजच बघा.

घरगुती उपायांपैकी कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा उत्तम, दिवसातून पाच-सहा वेळा. लवंगेच्या तेलाचा कापसाचा अगदी लहान बोळा दाढेच्या खड्ड्यात तासभर ठेवला तर चालेल, हिरडीला लागला तर मात्र हिरडी भाजते. गोळी गालात दाबून धरणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडतो आणि दाढ दुखायची ती दुखतेच. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरा, आणि रात्री डोक्याखाली दोन उशा घ्या.

आणखी एका ‘औषधा’विषयी न लिहून चालणार नाही. आपल्या घरांत मशेरी होती, इकडे बजर आणि छिंकणी. दाढ दुखली की चिमूटभर बजर हिरडीला चोळायची, बधिर वाटते. ती तंबाखू आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली, आणि वेळेआधी जन्मणाऱ्यांचे प्रमाणही वाढलेले होते. ज्या घरात दाताच्या डॉक्टरची भीती वाटते त्याच घरात बजरीची डबी निर्धास्त फिरते, याचे मला नेहमी नवल वाटते.

रात्री-अपरात्री

पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही : सूज जबड्याखाली किंवा गळ्यावर उतरली, डोळ्याकडे चढली, तोंड दोन बोटेही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, श्वास घेताना त्रास होतो, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, थंडी वाजून ताप भरतो. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा पोटात कळा येऊ लागल्या तरीही तसेच. अशा वेळी छोट्या दवाखान्याचे दार ठोठावण्यात वेळ घालवू नका. जिथे स्त्रीरोग, भूल आणि शस्त्रक्रिया तिन्हींचे डॉक्टर रात्री असतात तिथे जा. आपल्या गावात सयाजी रुग्णालय आहे, आणि प्रसूतिविभागही त्याच आवारात आहे. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत.

पडल्यामुळे पुढचा पक्का दात मुळासकट निघून आला तर तो वरच्या टोकाला धरून उचला, घासू नका, दुधाच्या वाटीत टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. गरोदरपणामुळे यात काही फरक पडत नाही.

एरवी खर्चाची अडचण असेल तर पिपरियाचे आणि मुंजमहुडाचे, अशी दोन दंतमहाविद्यालये जवळ आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून उशीचे सांगायला विसरू नका. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. तिथे रक्तदाब, वजन, रक्त सगळे बघतात, तोंड मात्र क्वचित कुणी उघडायला सांगते. आपणच सांगायचे, “दाढ दुखते.” दंतवैद्याकडे जाताना ममता कार्ड आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या. लोहाच्या, थायरॉइडच्या, रक्त पातळ करणाऱ्या, सगळ्या. पाळी चुकली असेल आणि अजून तपासणी झाली नसेल तरीही तसे सांगून टाका.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. बडोद्याच्या घरांत दिलेल्या कितीतरी मुली डोहाळजेवण झाले की जळगाव, नाशिक, पुण्याची गाडी धरतात. तिथे ओळखीचा दंतवैद्य नसतो, पोट जड झालेले असते. पुढे सव्वा महिना कुणी बाहेर पडू देत नाही, आणि त्यानंतर बाळाला सोडून दोन तास दवाखान्यात बसायला कुणाला जमते? ‘बाळंतपणानंतर’ याचा हिशेब असा वर्षभराचा होतो. म्हणून चोरओटीच्या सुमारास एकदा तोंड दाखवून घ्यावे आणि काही निघालेच तर डोहाळजेवणाच्या आत उरकावे.

चिक्कीवाल्या आईची दाढ मी त्या दुपारी उघडली. भूल दिली, कमरेखाली उशी ठेवली, एक छोटा एक्स-रे घेतला. नसेतला पू निघाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो, “आज रात्री झोप लागेल ना?” दुसऱ्या बैठकीत रूट कॅनाल पुरे झाले. वरची कॅप बाळंतपणानंतर बसवायची ठरली आहे, तोवर तात्पुरते भरून दिले आहे आणि चिक्की बंद. सासूबाई दोन्ही वेळा खुर्चीशेजारी बसून होत्या. दुसऱ्या वेळी निघताना त्यांनी हळूच आपली हलणारी दाढ दाखवली. ती गेली चार वर्षे हलते आहे म्हणे. येत्या मंगळवारी त्यांची वेळ आहे.